आजीची बॅटरी नातवाकडे

दिवेलागण झाली की महाड-पोलादपूरच्या डोंगराकडच्या वाड्यांत एक काम ठरलेलं असतं. आजीची गोधडी झटकायची, उशी उलटून बघायची, पडवीतल्या चपलांवर बॅटरी मारायची. विंचवासाठी. ही भीती उगाचची नव्हे. लाल विंचवाच्या दंशाने इथे माणसं, विशेषतः लहान मुलं, खरोखर दगावत. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आलेले आणि पुढे महाडलाच राहिलेले डॉ. हिंमतराव बावसकर यांनी या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरायला सुरुवात केली. गंभीर दंशातलं मृत्यूचं प्रमाण शेकडा चाळीसच्या आसपास होतं, ते एकावर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी आली तरी बॅटरी काही सुटलेली नाही, आणि बहुतेक घरांत ती नातवंडांच्या हातात असते.

याला कोणी शुश्रूषा म्हणत नाही. ‘जा रे, आजीचं अंथरूण बघून ये,’ एवढंच.

मुंबईच्या गिरण्यांनी या दोन तालुक्यांतला तरुण माणूस ओढून न्यायला सुरुवात केली, त्याला कैक पिढ्या झाल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, महाडला एमआयडीसी आली. पण वरच्या वाड्यांतला कर्ता माणूस अजूनही बाहेरच असतो. शिमग्याला आणि गणपतीला गाव भरतं. एरवी घरात म्हातारा-म्हातारी, सून आणि शाळकरी पोरं. लावणीच्या दिवसांत सून चिखलातून घरी येते ती दिवस मावळताना. तोवर आजोबांचा चहा, त्यांची काठी, संध्याकाळची गोळी हे सगळं नुकत्याच शाळेतून आलेल्या पोराकडे. तेव्हा मुलांना आजारपणाच्या कामात घ्यावं की नाही, यावर शहरात चर्चा होत असेल. इथे ती आधीच त्यात आहेत. त्यांना ते काम नीट समजावून कोणी देत नाही, अडतं ते तिथे.

आजार लपवण्यापासून सुरुवात होते. आजी एकच प्रश्न दहादा विचारते, दुपारी जेवून उठल्यावर ‘मला कोणी वाढलंच नाही’ म्हणते, आणि घरातले ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्यावारी नेतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार साठीच्या पुढच्या शंभरांतल्या सात-आठ भारतीयांना स्मृतिभ्रंश असतो. आठ वर्षांच्या मुलीलाही हे सांगता येतं: आजीचं आजचं पुसलं जातं, जुनं राहतं. मग ती वाद घालत नाही. माहेरची वाट कशी होती, लावणीला काय गात होता, असं विचारते, आणि आजी तासभर बोलत राहते. जी गोष्ट मोठ्यांना चिडचिड करून जमत नाही ती मुलांना जमते, कारण तेच ते दहादा ऐकायचा कंटाळा त्यांना मुळातच कमी.

काही कामं दिसायला किरकोळ, पण जीव वाचवणारी. आजोबांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर आधी मोठ्या माणसाला हाक मारायची, १०८ ला फोन लावायचा आणि घड्याळात किती वाजलेत ते लिहून ठेवायचं. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून दवाखान्यात पहिला प्रश्न असतो ‘कधी झालं?’. कुडपणसारख्या गावातून घाट उतरून मोठं इस्पितळ गाठायचं तर हे साडेचार तास बघता बघता सरतात. मधुमेह असलेल्या आजीला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, ती असंबद्ध बोलू लागली, तर साखरपाणी द्यायचं. मात्र शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात कोणी पडलं तर ओढून उठवायचं नाही, हाडाला काय झालंय ते कळत नसतं. चौथी-पाचवीच्या मुलाला हे पाढ्यांपेक्षा लवकर पाठ होतं.

न द्यायची कामंही तितकीच स्पष्ट हवीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलणं, रात्रभर जागणं, इन्सुलिनचं माप अंदाजाने ठरवणं मुलांकडे नको. आजोबांना दवाखान्यात न्यायचंय म्हणून शाळा बुडवणं तर नकोच. कायदाही इथे मुलांच्या बाजूने आहे. आई-वडील व ज्येष्ठांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्यात ‘अपत्य’ या शब्दात नातू आणि नातही धरले आहेत, अज्ञान मुलं मात्र मुद्दाम वगळली आहेत. म्हातारपणी कोणी बघत नसेल तर दाद मागायची प्रांतांपुढच्या न्यायाधिकरणाकडे. सातवीतल्या नातीकडे बोट दाखवून मुंबईतल्या काकांना हात झटकता येत नाहीत. इंग्लंडमध्ये २०२१ च्या जनगणनेत अशी घरच्यांची काळजी वाहणारी पाच ते सतरा वर्षांची सुमारे १ लाख २० हजार मुलं मोजली गेली. आपल्या २०११ च्या जनगणनेत असा प्रश्नच नव्हता.

आणि नातीचा विषय निघालाच आहे तर: घरात भाऊ-बहीण दोघं असताना बॅटरी मारण्याचं मर्दुमकीचं काम भावाकडे आणि पेज भरवणं, केस विंचरणं, भांडं धुणं बहिणीकडे, ही वाटणी आपोआप होते. ती आपोआप मोडत नाही.

म्हाताऱ्या माणसाला नुसतं घेत राहणंही जड जातं. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. घरी अक्षरं गिरवताना अडलं की आज्या नातवंडांना विचारत. महाड-पोलादपुरातल्या घरांत त्याचंच दुसरं रूप रोज करता येण्यासारखं आहे: नातवाने श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा झाले का ते पासबुकात वाचून दाखवायचं, आलेला ओटीपी कोणाला सांगायचा नाही हे आजोबांना बजावायचं; आणि आजोबांनी त्याला कुठली रानभाजी खायची, कुठली नाही, ओढ्याला पाणी चढतंय हे कशावरून ओळखायचं, ते शिकवायचं. २२ जुलै २०२१ चा पूर आणि तळियेची दरड पाहिलेल्या या मुलखात हा दुसरा धडा कमी मोलाचा नाही.

गणपतीला मुंबईकर येतात. आरती उरकल्यावर कोणीतरी विचारतं, आईची साखरेची गोळी जेवणाआधी की नंतर? आणि सगळं घर चौथीतल्या पोराकडे बघतं. तो भिंतीवरच्या कालनिर्णयाशेजारी खिळ्याला टांगलेली वही काढतो आणि वाचून दाखवतो. मग ती वही काकांच्या हातात देऊन तो वाडीतल्या पोरांबरोबर नाचात निघून जातो; विसर्जनापर्यंतची पाळी काकांची.