वेळेंत आलेलें उत्तर



पावसाळ्याच्या दिवसांत पुण्याहून नगरकडे आपली मोटार ताशीं ६० किलोमीटर वेगानें चालली आहे आणि एकाएकीं समोर म्हैस आडवी येते. आपण ब्रेक दाबतों. चाकें जागींच आवळलीं गेलीं तर ओल्या रस्त्यावर गाडी घसरणार. म्हणून एक लहानसा संगणक चाकांची गति पाहून सेकंदाला अनेक वेळां ब्रेकचा दाब कमीजास्त करतो. हीच ए. बी. एस. व्यवस्था. एका सेकंदांत गाडी सुमारें १७ मीटर पुढें जाते. तेव्हां संगणकाचें उत्तर बरोबर असूनही उशिरां आलें, तर तें चुकलेंच म्हणावयाचें.

घरच्या संगणकाची कार्यप्रणाली कचेरींतील कारकुनासारखी असते. एखादें काम क्षणभर मागें पडलें तरी बिघडत नाहीं. ब्रेकची प्रणाली आगीच्या बंबासारखी. प्रत्येक कामाची मुदत तिला आधींच ठरवून दिलेली असते, आणि तातडीचें काम येतांच ती हातांतलें काम बाजूस ठेवते. हिला ‘रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात. विमानांत आणि कारखान्यांतही अशाच प्रणाली राबतात.

नगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें ‘व्ही. आर. डी. ई.’ ही संरक्षण खात्याची वाहनसंशोधन संस्था आहे. नव्या वाहनांची कायद्यानुसार परीक्षा घेण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या संस्थांपैकीं ती एक. ब्रेक वेळेंत लागतो कीं नाहीं, हें धावपट्टीवर पाहतां येतें. पण त्या ब्रेकला परका कोणी हुकूम देऊं शकेल काय, हें तेथें गाडी पळवून कळत नाहीं.

ही भीति कल्पनेंतली नव्हे. २०१५ सालीं अमेरिकेंत चार्ली मिलर व ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनीं घरीं बसून, मोटारींतील रेडिओच्या वाटेनें, धांवत्या जीप गाडीच्या चाकांना मिळणारी इंजिनाची शक्ति तोडून दाखविली. त्यानंतर कंपनीनें सुमारें १४ लाख वाहनें दुरुस्तीसाठीं परत बोलाविलीं. मोटारींतील संगणक ज्या ‘कॅन’ पद्धतीच्या तारेवर बोलतात, ती १९८६ सालीं पुढें आली. तेव्हां गाडीचा बाहेरच्या जगाशीं संबंध नव्हता. म्हणून निरोप कोणीं धाडला हें ताडून पाहण्याची सोय तिच्या मूळ रचनेंत नाहीं. ती आतां घालावी, तर प्रत्येक तपासणीला वेळ लागतो, आणि ब्रेकपाशीं तोच थोडा असतो. यास्तव रेडिओ व ब्रेक यांच्यामध्यें पहारेकरी संगणक बसवितात, आणि नवी आज्ञावली खूण पटल्याखेरीज आंत घेत नाहींत.

आपल्या हातींही कांहीं आहे. गाडीची आज्ञावली सुधारून घेण्याविषयीं कंपनीचें पत्र आलें तर तें रद्दींत टाकूं नये. आणि स्टिअरिंगखालीं दुरुस्तीसाठीं ठेवलेल्या खोबणींत अनोळखी उपकरण कोणासही बसवूं देऊं नये. घराचें दार आपण रात्रीं न चुकतां लावतों. मोटारीलाही आतां असें एक दार आहे.