फैजपूर, साने गुरुजी आणि बाबासाहेब

फैजपूर म्हटले की डिसेंबर १९३६ चे काँग्रेस अधिवेशन आठवते. पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्यासाठी राबणाऱ्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील शिक्षकी सोडून ते १९३० मध्ये स्वातंत्र्यलढ्यात उतरले होते.

आज गुरुजी बहुतेकांना 'श्यामची आई'पुरतेच माहीत असतात. पण १ मे १९४७ रोजी, पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून, ते उपोषणाला बसले. दहा दिवसांनी उपोषण सुटले. स्वराज्य तोंडावर आले होते, तरी देवळाचे दार माणसांना बंद होते.

बाबासाहेब मात्र तोवर पुढे गेले होते. १९३० मध्ये त्यांनी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. १९३५ मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. फैजपूर अधिवेशनाच्या चार महिने आधी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ मध्ये खोतीविरोधी विधेयक मांडले. देवळाच्या दारापेक्षा जमीन, मजुरी आणि शिक्षण त्यांना मोलाचे वाटले.

मग गुरुजींचे उपोषण व्यर्थ होते का? आम्हाला तसे वाटत नाही. बंद दार उघडणे ही ते बंद करणाऱ्यांची जबाबदारी होती. गुरुजींनी ती ओळखली. आमच्या हक्कांची लढाई बाबासाहेबांनी उभी केली. फैजपूरच्या मुलांना हे दोन्ही धडे एकत्र शिकवायला हवेत.