विसार बुडाला त्याची गोष्ट

दिवाळी अंकात दिवाळ्याची गोष्ट सांगू नये, असे आमच्या घरचे मत पडले. पण मी पडलो मराठीचा मास्तर. दोन्ही शब्दांत दिवा आहे, हे दिसल्यावर मला गप्प बसवेना. जुन्या काळी पेढी बुडाली की सावकार भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि त्यावरून 'दिवाळे' हा शब्द आला, असे सांगतात. त्या दिव्याने निदान एक व्हायचे. रस्त्याने जाणाऱ्याला कळायचे की या पेढीवर आता पैसे ठेवायला जाण्यात अर्थ नाही. आजच्या विमान कंपन्या असा दिवा लावीत नाहीत. 'गो फर्स्ट' या मुंबईच्या कंपनीने २ मे २०२३ रोजी आपण होऊन दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि तिकिटविक्री थांबवा, असा हुकूम विमान वाहतूक महासंचालनालयाला ८ मे रोजी काढावा लागला.

आमच्यावर जो प्रसंग आला तो या कंपनीचा नव्हे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कंपनीचे नाव सांगत नाही; ती आता नाही आणि गेलेल्याची निंदा आपल्यात करीत नाहीत.

मी रोह्याच्या कॉलेजात मराठी शिकवतो. सासुरवाडी पेणची. मेहुण्यांचा गणपतीचा कारखाना आहे. पेणेत असे कारखाने किती, हे वाचकांना सांगायला नको. भाद्रपदात तुमच्या चौरंगावर जी मूर्ती बसते ती बहुधा तेथूनच आलेली असते. सासूबाईंची बरीच वर्षे काशीला जायची इच्छा होती. गुडघे दुखत, त्यामुळे आगगाडीत एक दिवस आणि एक रात्र बसणे त्यांना झेपेल असे वाटेना. तेव्हा विमानाची कल्पना मी काढली, हे कबूल केले पाहिजे. एका स्वस्त कंपनीने चार महिने आधी तिकिटे घेणाऱ्यांना फार कमी भाडे लावले होते. कागदावर हिशेब मांडून मी मेहुण्यांना दाखवला. "दादा, रेल्वेच्या वातानुकूलित डब्याहून थोडेच जास्त पडते," असे मी म्हटले. मराठीचा मास्तर हिशेब करू लागला की घरच्यांनी सावध व्हावे, हे त्या वेळी कोणाला सुचले नाही.

सहा तिकिटे निघाली. आमची तीन आमच्या मुलीने मोबाइलवर, माझ्या क्रेडिट कार्डावर काढली. दादांना कार्डाचा तिटकारा. "भाऊजी, उधारीवर देवाला जायचं नाही," असे म्हणून त्यांनी आपली, वहिनींची आणि आईची तिकिटे पेणेतल्याच एका एजंटाकडून रोख पैसे देऊन घेतली. ते पैसे हंगामाचे होते. मूर्ती गेल्या, कारागिरांचे पगार भागले, मातीवाल्याचे देणे फिटले, त्यानंतर जे हातात उरते त्यातले.

निघायला पाच आठवडे राहिले असताना कंपनीने उड्डाणे बंद केली. मुलीने सकाळी मोबाइलवर बातमी वाचून दाखवली तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहिला. पैशांपेक्षा पेणला फोन कसा करायचा, ही चिंता मोठी होती.

त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत मला जे शिकायला मिळाले, ते चार माणसांच्या कामी येईल म्हणून लिहितो.

कंपनी जिवंत असते तोवर नियम आपल्या बाजूचे आहेत. उड्डाण रद्द झाले तर पैसे परत मिळतात. तिकीट एजंटाकडून घेतले असले तरी परतफेडीची जबाबदारी विमान कंपनीचीच. पण कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या २०१६ च्या कायद्याखाली न्यायाधिकरणाने दाखल करून घेतले की वसुलीला स्थगिती मिळते. 'गो फर्स्ट'चा अर्ज १० मे २०२३ रोजी दाखल झाला आणि तेथून ही स्थगिती लागू झाली. मग प्रवासी हा प्रवासी राहत नाही, तो धनको होतो. आपण कोणाला कर्ज दिले आहे हे त्याच्या गावीही नसते. पण चार महिने आधी तिकीट घेणे म्हणजे विमान कंपनीला चार महिने बिनव्याजी, बिनतारणी पैसे वापरायला देणेच. स्वस्त भाडे हेच काय ते व्याज!

आणि या धनकोची जागा कुठे? कंपनी अवसायनात निघाली की मालमत्ता विकून येणारा पैसा ठरलेल्या क्रमाने वाटला जातो. आधी प्रक्रियेचा खर्च. मग तारण घेतलेल्या बँका आणि कामगारांचे थकलेले वेतन. मग इतर नोकरवर्ग. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारचे येणे. त्यानंतर 'उर्वरित देणी' नावाची एक रांग आहे, तेथे आपण उभे असतो. शिवाय विमान कंपनीकडे विकायला विमाने असतीलच असे नाही. ती पुष्कळदा भाड्याची असतात. 'गो फर्स्ट'ची विमाने एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने मूळ मालकांना परत घेता आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम झाला.

आता आमच्या सहा तिकिटांचे सांगतो. कॉलेजातल्या वाणिज्य विभागातल्या एका सहकाऱ्याने मला कार्ड देणाऱ्या बँकेकडे पिटाळले. पैसे दिले पण सेवा मिळाली नाही, अशी तक्रार केली तर बँक ती रक्कम विक्रेत्याच्या बँकेकडून परत मागते. याला 'चार्जबॅक' म्हणतात. डेबिट कार्डालाही ही सोय असते. मुदत मात्र असते, साधारण चार महिन्यांची. म्हणून कंपनी पुन्हा उडेल या आशेवर थांबू नये. मी तिकिटाची प्रत, पैसे कापल्याचा संदेश आणि उड्डाण रद्द झाल्याचे पत्र जोडून अर्ज दिला. अडीच महिन्यांनी आमच्या तीन तिकिटांचे पैसे परत आले.

दादांचे आले नाहीत. रोख पैशाला ही वाट नाही. एजंट म्हणाला, मी पैसे कंपनीला भरले. आणि ते खरे होते. प्रवासाचा विमा मी काढला होता. त्याची पाने आता प्रथमच वाचली. विमान उशिरा आले, सामान हरवले, माणूस आजारी पडला, सगळे होते. कंपनीच बुडाली तर काय, याविषयी अक्षर नव्हते. विमा घेताना हे एवढे तरी विचारून घ्यावे.

मी पेणला गेलो. रोह्याहून मेमू गाडीने नागोठणे, कासू करीत जाताना बोलायची वाक्ये जुळवीत होतो. कारखान्यात मातीचा वास होता आणि रंग न दिलेल्या मूर्ती ओळीने मांडलेल्या होत्या. माझे पैसे परत आले आहेत, त्यातले निम्मे तुम्ही घ्या, असे मी म्हटले. दादांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. मग एका मूर्तीकडे बोट दाखवून म्हणाले, "भाऊजी, हिचा विसार आलाय. विसार घेतला की मूर्ती गिऱ्हाइकाची. पावसानं भिजली, हातातून पडली, तर मी दुसरी करून देतो. त्याला विचारायला लागत नाही. या विमानवाल्यांनी विसार नाही, अख्खी किंमत घेतली. तिची जिम्मेदारी कोणावर, ते तुम्ही शिकलेली माणसं सांगा."

मला सांगता आले नाही. पण प्रश्न पेणच्या माणसाने विचारावा, याला कारण आहे. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांचे पैसे अडकले. पुढची कित्येक वर्षे या गावात दुसरा विषय नव्हता. तरी बँकेच्या ठेवीला विमा असतो एवढा आधार आपल्या देशात आहे. तोही ठेचा खाऊनच आलेला. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा सरकार जागे झाले आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. त्या वेळी मर्यादा होती पंधराशे रुपये. फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे. विमानाच्या तिकिटाला असे काही नाही.

इंग्लंडात आहे, निदान काही प्रवाशांसाठी. १९७४ च्या ऑगस्टात, ऐन सुट्टीच्या हंगामात, 'कोर्ट लाइन' नावाची कंपनी बुडाली आणि हजारो इंग्रज कुटुंबे परक्या देशांत अडकली. पुढच्याच वर्षी कायदा करून तेथे राखीव निधी उभा केला. आज सहल आयोजित करणारा दर माणशी अडीच पौंड या कामासाठी भरतो, आणि आयोजक किंवा विमान कंपनी बुडाली तर अडकलेल्यांना घरी आणणे व बाकीच्यांचे पैसे परत करणे त्यातून होते. कंपनीकडून थेट घेतलेले सुटे तिकीट सहसा यात येत नाही, ही त्यातली उणीव. तरी अडीच पौंड म्हणजे काय! आपल्या तिकिटावर नाना तऱ्हेची शुल्के छापलेली असतात, त्यांत आणखी एक वीस-पंचवीस रुपयांचे, याच कामाला बांधलेले, कोणी नाकारील असे मला वाटत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. यापेक्षा जास्त दाखले कशाला हवेत?

आता तर नवी मुंबईचा विमानतळ आमच्याच रायगड जिल्ह्यात झाला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. पेणच्या माणसाला मुंबईत शिरायचीही गरज उरली नाही. स्वस्त तिकिटांच्या जाहिराती दादांच्याही मोबाइलवर येतात.

सासूबाई काशीला गेल्या, महानगरी एक्सप्रेसने. आम्ही सहाही जण होतो. गुडघ्यांनी वाटेत काही कुरकूर केली नाही. कुरकूर केली ती माझ्या पाठीने. परत आल्यावर दादांच्या वतीने अवसायकाकडे पाठवायचा दावा मी भरून दिला. 'येणे रकमेचे स्वरूप' या रकान्यात काय लिहावे म्हणून मी विचारले, तर सासूबाई आतून म्हणाल्या, "विसार लिहा." मी 'हवाई तिकिटाची आगाऊ रक्कम' असे लिहिले. त्याची पोचपावती दादांनी कारखान्याच्या बिलांच्या फाइलीत, येणे असलेल्या गिऱ्हाइकांच्या कागदांबरोबर, लावून ठेवली आहे.