मागच्या खोलीची तपासणी

वृद्धांचं शुश्रूषा केंद्र बघायचं असेल तर मी सकाळी साडेसहाची वेळ मागून घेते. फलकावर भेटीची वेळ अकरा ते पाच असते. तोवर अंघोळी उरकलेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात, केस विंचरलेले असतात. साडेसहाला रात्रपाळीची माणसं निघायच्या घाईत असतात आणि रात्रभराचे डायपर उघडले जात असतात. रात्र कशी गेली ते तेव्हाच कळतं. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात माझी नोकरी झाली. आता ओळखीचे लोक आई-वडिलांना कुठे ठेवायचं ठरवण्याआधी सोबत चला म्हणतात आणि मी जाते.

या वेळचं केंद्र म्हणजे पुण्याच्या कडेचा दुमजली बंगला, तीसेक खाटांचा. परिचयातल्या एका मुलीला आईसाठी जागा हवी होती. आईचं वय ८२, पक्षाघाताने उजवी बाजू लुळी, बोलणं जवळपास गेलेलं, गिळताना ठसका लागतो. मुलीला बाग आवडली होती, गणपतीचं छोटं देऊळ आवडलं होतं, आठवड्याच्या जेवणाचा छापील तक्ता आवडला होता. चालत्याफिरत्या माणसांना या गोष्टींचा खरोखर आधार असतो. पण तिची आई राहणार होती तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत, जिथे उठू न शकणाऱ्यांच्या सहा खाटा होत्या. म्हणून आधी तीच खोली दाखवा म्हटलं. ज्याला हाक मारता येत नाही, बेल दाबता येत नाही, त्याच्या अंगावरून केंद्राची खरी पारख होते. बाकी सगळं त्यानंतर.

पहाटे अशा खोलीत ताज्या लघवीचा वास येणं साहजिक आहे. गादीत मुरलेला उग्र वास वेगळा, तो एका रात्रीत येत नाही. इथे तो नव्हता. खिडकीपाशी पहुडलेल्या आजींना विचारलं, "पाय बघू का?" त्यांनी मान हलवली. टाच उचलून बघितली, मग मावशींच्या मदतीने त्यांना कुशीवर घेऊन माकडहाडाच्या वरची जागा बघितली. तिथे रुपयाएवढी लाली होती. बोट दाबून धरलं, सोडलं. दाबलेली जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय, कूस बदलत राहिलं तर लाली जाते. दाबूनही लाल ती लालच राहिली तर तो बेडसोअरचा पहिला टप्पा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे हाताला लागणारा गरमपणा आणि कडकपणा बघावा लागतो. या आजींची लाली दाबूनही गेली नाही.

दर दोन तासांनी कूस बदलल्याचा तक्ता खाटेला अडकवलेला होता. त्यात सकाळी आठपर्यंतच्या खुणा भरलेल्या होत्या, एकाच पेनाने, एकाच हाताने. घड्याळात पावणेसात झाले होते.

तो तक्ता मी मुलीला दाखवला, संचालकांनाही दाखवला. आवाज चढवायची गरज नव्हती. ब्रेडन स्केल म्हणून एक गुणपद्धत १९८७ पासून वापरात आहे: जाणीव, ओलावा, हालचाल, खाणं अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे, बेरीज ६ ते २३ यांमध्ये येते आणि १८ किंवा त्याखाली आली की बेडसोअरचा धोका धरायचा. केंद्रातल्या सिस्टरला ती येत होती, नर्सिंग शाळेत शिकलेली. इथे कुणी विचारलंच नव्हतं, म्हणाली. दाखल होताना आणि नंतर दर आठवड्याला ही बेरीज मांडायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं सिस्टरला मिळवून देणं संचालकांच्या हातात आहे.

तेवढ्यात नाश्ता आला आणि त्या खोलीतली सर्वांत चांगली गोष्ट बघायला मिळाली. पन्नाशीच्या एका मावशींनी पक्षाघात झालेल्या दुसऱ्या आजींना पलंगावर सरळ बसवलं, पाठीला उशी दिली, लुळा हात मांडीवर नीट ठेवला. मऊ शिजवलेला गोड सांजा, छोटा चमचा. एक घास दिला की गळ्याची हालचाल दिसेपर्यंत दुसरा घास नाही. मधेच त्यांनी आजींना तोंड उघडायला लावून लुळ्या बाजूच्या गालात डोकावून पाहिलं. तिथे घास साचतो, माणसाला ते कळत नाही आणि आडवं केलं की तोच घास श्वासनलिकेत जातो. अशानं होणारा न्यूमोनिया मी वॉर्डात भरपूर पाहिलाय. खाऊन झाल्यावर आजींना अर्धा तास बसतंच ठेवायचं, हेही मावशींना माहीत होतं. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाल्या, "आधीच्या ठिकाणी एक डॉक्टरबाई होत्या, त्यांनी."

एका आजींना भरवायला पंचवीस मिनिटं लागली. खोलीत भरवावं लागतं अशी चार माणसं आणि भरवणाऱ्या मावशी एकट्या, म्हणजे शेवटच्या खाटेपर्यंत पोचायला सव्वा तास. असं झालं की घास भराभर दिले जातात किंवा गिळता येत असूनही नाकातून नळी घातली जाते. माणसं कमी असली की पाणीही तुटतं. "रात्री पाणी किती देता?" या प्रश्नाला पुष्कळ ठिकाणी सरळ उत्तर मिळतं: सातनंतर नाही, डायपर भरतो. पाणी तोडलं की लघवीचा जंतुसंसर्ग, मग बडबड, मग "आजी रात्री त्रास देतात", मग झोपेची गोळी.

औषधांचं कपाट म्हणूनच सावकाश बघते. प्रत्येकाचा वेगळा डबा, डबीवर नाव, डॉक्टरांची तारीख घातलेली चिठ्ठी, दिल्यावर लगेच केलेली सही. इथे डबे नीट होते. पण स्मृतिभ्रंश असलेले एक आजोबा नाश्त्याच्या वेळीही जागे होईनात. त्यांच्या तक्त्यावर 'गरज पडल्यास' म्हणून लिहिलेली गोळी रोज रात्री दिलेली होती. ती अँटिसायकॉटिक गटातली. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिला. कधी ती द्यावीच लागतात, पण मग कुणी दिली, का दिली, कधी थांबवायची हे लिहिलेलं हवं. खोली शांत आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

पडल्याची नोंदवही कोरी होती. तीस वृद्ध माणसं असलेल्या घरात सहा महिन्यांत कुणीच पडलं नाही यावर माझा विश्वास बसत नाही. मला भरलेली वही आवडते: कुणी, किती वाजता, कुठे, आणि त्यानंतर काय बदललं. बाथरूमला दांडी लावली, खाट खाली घेतली, रात्रीचा दिवा बसवला, अशी नोंद दिसली की तिथे कुणीतरी विचार करतंय हे कळतं.

आगीच्या बाबतीत मी कुणाचंही आश्वासन घेत नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला मनोरुग्णांच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही, २८ जण गेले. नळी उपसू नये म्हणून हात खाटेला बांधलेला दिसला की मला एरवाडी आठवतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा 'नमुना ब' दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचा असतो. तो मागावा. मग मागचं दार उघडायला सांगावं. इथे दाराला कुलूप होतं आणि किल्ली वरच्या मजल्यावर. दोन वाजता रात्री धूर झाला तर सहा माणसांना कोण उचलणार? चादरीसकट जमिनीवर उतरवून ओढत नेता येतं, दोन माणसांना जमतं, पण त्याचा सराव लागतो. तो इथे कधी झाला नव्हता.

रात्री किती माणसं असतात? संचालक म्हणाले तीन. निघायच्या तयारीतल्या मावशींना विचारलं तर दोन, त्यातली एक वरच्या मजल्यासाठी. त्या मावशींची बारा तासांची पाळी होती, ब्युरोकडून आलेल्या. बदली माणूस आलं नाही की तशाच दिवसपाळीला थांबतात. पुढच्या खुणा आधीच का भरल्या जातात ते मग कळलं. दोष त्यांच्यावर टाकायला माझं मन घेत नाही. एकट्या बाईने सहा अंगं दर दोन तासांनी वळवायची, शिवाय डायपर, शिवाय उलटी झाली तर ती, हे होत नाही. पगार कितव्या तारखेला होतो हे मी कर्मचाऱ्यांना विचारतेच. पगार वेळेवर होतो तिथे माणसं टिकतात, आणि टिकलेल्या माणसालाच आजींचा कुठला गाल लुळा आहे ते आठवतं.

रुग्णालयांसाठी महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्याचं कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम हवा म्हणतं. पण बंगल्यात चालणाऱ्या खाजगी केंद्राच्या मागच्या खोलीत रात्री किती जण जागे आहेत, हे प्रत्यक्षात घरच्यांनाच जाऊन मोजावं लागतं.

मुलीने होकार दिला, अटींवर. मला तो निर्णय पटला: दुसऱ्या केंद्रातही बाग होती पण अशा मावशी नव्हत्या, आणि संचालकांनी तक्ता बघून मान खाली घातली, वाद घातला नाही. मागच्या दाराची किल्ली त्याच दिवशी दाराशेजारी लटकवली गेली. आई दाखल झाली तेव्हा डोक्यापासून टाचेपर्यंत कातडी तपासून कागदावर लिहिली, दोन्हीकडच्या सह्या झाल्या. उभं राहून वजन करता येत नाही म्हणून दंडाचा घेर टेपने मोजून लिहिला; महिन्याने पुन्हा मोजायचा. सध्याच्या औषधांची यादी डॉक्टरांच्या सहीने लावली. छापील करारात मुलीने एक ओळ हाताने वाढवली: मागच्या खोलीसाठी रात्री स्वतंत्र माणूस राहील आणि ज्या रात्री तो नसेल त्या रात्री आठच्या आत घरी फोन येईल.