शब्दाची पत

आपल्या समाजात मुलाच्या किंवा मुलीच्या नोकरीची चौकशी झाली की उत्तर बहुधा एका शब्दात मिळते. कोणी सी.ए. असतो, कोणी डॉक्टर, तर कोणी पुण्याला संगणक अभियंता. अलीकडे मात्र एक उत्तर असे कानी येते की विचारणारे काकासाहेब क्षणभर थबकतात: "ती एका स्टार्टअपमध्ये कम्युनिटी आउटरीच पाहते आणि कंपनीसाठी लेखन करते." ती माल विकते का? नाही. हिशेब सांभाळते का? नाही. संगणकाचे प्रोग्राम लिहिते का? तेही नाही. मग कंपनी तिला पगार देते तो कशाचा?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मुंबई-बंगळूरपेक्षा यवतमाळसारख्या कापूसपट्ट्यात अधिक स्पष्टपणे मिळते, कारण येथे सल्ल्यातील एखादा शब्द चुकला तर कोणाचे पीक जाते आणि क्वचित कोणाचा प्राणही जातो.

नाव नवे, काम जुने

तंत्रज्ञानाची कंपनी एखादे ॲप तयार करते. ते तयार करणाऱ्याला यंत्राची भाषा येते. परंतु ज्याच्यासाठी ते आहे, त्या शेतकऱ्याची, दुकानदाराची किंवा मजुराची भाषा येतेच असे नाही. या दोघांच्या मधोमध एक माणूस उभा राहतो. तो गावोगावी जातो, बैठका घेतो, ऐकून घेतो, समजेल अशा शब्दांत लिहितो आणि लोकांची तक्रार परत कंपनीपर्यंत पोहोचवतो. यालाच आउटरीच म्हणतात. १९८० च्या दशकात ॲपल कंपनीने मॅकिंटॉश संगणक बाजारात आणला, तेव्हा गाय कावासाकी यांच्याकडे असेच काम होते. बाहेरच्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांना या यंत्रासाठी काम करण्यास राजी करणे, ही त्यांची जबाबदारी. पुढे हा स्वतंत्र व्यवसायच झाला.

आपल्या पेढ्यांना मात्र हे काम नाव नसतानाही ठाऊक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची रेल्वे आली ती कापसासाठी. पुढे 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या गाडीने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावला. गाडी रुळांवरून चालत असे, व्यापार मात्र विश्वासावर चालला. शेतकरी कोणत्या अडतीवर गाडी सोडणार, हे केवळ भावावर ठरत नसे. पेढीवरचे शेठजी मापात खरे आहेत का, पेरणीच्या वेळी दिलेला शब्द सुगीला पाळतात का, यावर ते ठरे. या भांडवलाला आपण 'पत' म्हणतो. स्टार्टअपमधील तरुणी जे मिळवू पाहते ते हेच भांडवल होय.

लेखन आणि समाज यांचा संबंधही यवतमाळला नवा नाही. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये 'लोकमत' हे साप्ताहिक याच शहरातून सुरू केले. त्याच नावाचे साप्ताहिक १९५२ मध्ये जवाहरलाल दर्डा यांनी यवतमाळातून पुन्हा उभे केले आणि १९७१ मध्ये नागपुरातून त्याचे दैनिक झाले. बाभूळगावचे हे जैन स्वातंत्र्यसैनिक लेखणीच्या व्यवसायात स्थिरावले, हे आज आपल्या मुलामुलींना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

यंत्र आले, माणूस राहिला

खेड्यात संगणक नेण्याचे प्रयोग महाराष्ट्रात पूर्वीच झाले. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील सुमारे सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांची योजना आली. जगभरची माहिती गावात येईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती केंद्रे मुख्यतः उसाच्या नोंदी, खताचा हिशेब आणि कारखान्याच्या पावत्या यांसाठीच वापरली गेली. काही वर्षांनी संशोधकांनी काही गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलवरचे लघुसंदेश आणून पाहिले, तर तेवढ्याने काम भागले. लोकांना काय हवे आहे हे आधी विचारावे, यंत्र नंतर न्यावे, हा वारणेचा धडा.

२००० साली आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशातील सोयाबीन पट्ट्यात 'ई-चौपाल' सुरू केली. व्यापारी कुटुंबांना तिच्यातील एक गोष्ट विशेष वाटेल. गावातील एका शेतकऱ्याच्या घरी संगणक ठेवून त्याला 'संचालक' नेमले जाई आणि तो गावासमोर सेवेची शपथ घेई. ज्या अडत्यांचा धंदा या योजनेने बुडेल अशी भीती होती, त्यांच्यातूनच 'संयोजक' निवडले गेले. रोकड हाताळणे, मालाची वाहतूक, गावांची ओळख हे ज्ञान त्यांच्यापाशीच होते. मध्यस्थाला बाजूला सारणे म्हणजेच प्रगती, असे सांगणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे.

२००६ मध्ये बंगळूरच्या एका संशोधन प्रकल्पातून 'डिजिटल ग्रीन' जन्मास आली. तिची रीत साधी होती: शेतीची पद्धत दाखवणाऱ्या चित्रफितीत परका तज्ज्ञ न घेता त्याच परिसरातील शेतकरी घ्यायचा आणि ती चित्रफीत गावच्या छोट्या गटात, मध्ये थांबून, प्रश्न विचारत दाखवायची. पुण्याच्या 'ॲग्रोस्टार'ची सुरुवात शार्दूल व सितांशू शेठ या बंधूंनी २०१३ मध्ये केली. शेतकऱ्याने केवळ मिस्ड कॉल द्यायचा, मग कंपनीचा कृषितज्ज्ञ त्याला उलट फोन करून त्याच्याच भाषेत बोलणार, या मार्गाने ती शेतकऱ्यांच्या घरात पोहोचली. तंत्र प्रत्येक ठिकाणी वेगळे असले, तरी अखेर काम साधले ते ओळखीच्या आवाजाने.

२०१७ चा पावसाळा

आता यवतमाळच्या शेताकडे वळू. २०१७ च्या खरिपात कापसावर किडींचा जोर होता आणि गुलाबी बोंडअळीने बीटी वाणांनाही जुमानले नाही. कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट आणि पाठीवर जोराचा फवारा मारणारे पंप. दोन-तीन औषधे एकत्र मिसळून फवारण्याची सवय रुळलेली. हातमोजे नाहीत, मुखपट्टी नाही. त्या हंगामात या एका जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो लोकांवर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अन्य रुग्णालयांत उपचार करावे लागले. राज्य शासनाला चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले.

कारणे अनेक होती. त्यांतील एक मात्र आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे: माहिती होती, पण ती पोहोचली नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा रंग कायद्याने सक्तीचा आहे. लाल सर्वांत घातक, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. सोबत घडीपत्रिकाही असते. परंतु अक्षर एवढे बारीक की चष्मा लावूनही वाचवत नाही. मात्रा लिहिलेली असते हेक्टरी आणि शेतकरी मोजतो पंपाने. एका हेक्टरचे सुमारे अडीच एकर होतात. त्या अडीच एकरांचे पंप किती, एका पंपाला औषध किती आणि जोराचा फवारा मारणारा पंप असेल तर पाण्याचे प्रमाण कसे बदलते, हे गणित मांडून देणारा कोणीतरी लागतो.

फवारणारा पुष्कळदा शेताचा मालकही नसतो. तो रोजंदारीवरचा मजूर असतो. दिग्रस-पुसदच्या तांड्यावर तो बंजारा बोली बोलतो, तर पांढरकवडा-झरीकडे कोलामी किंवा गोंडी. छापील मराठी पत्रक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आउटरीच करणाऱ्याची खरी कसोटी येथे लागते. 'आम्ही माहिती प्रसिद्ध केली' एवढ्याने त्याचे कर्तव्य संपत नाही. पंप ज्याच्या पाठीवर आहे, त्याला ती समजली की नाही, हे विचारून येईपर्यंत काम अपुरेच राहते.

मोजून घ्या, मग फवारा

याच कापसाच्या प्रश्नावर 'वाधवानी एआय' या २०१८ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या ना-नफा संस्थेने 'कॉटनएस' हे साधन तयार केले. शेतात कामगंध सापळा लावायचा, त्यात अडकलेल्या पतंगांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यायचे. यंत्र पतंग मोजते आणि फवारणीची गरज आहे की नाही ते सांगते. गुलाबी बोंडअळीबाबत शास्त्रज्ञांनी आर्थिक नुकसानीची पातळी ठरवून दिलेली आहे: सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग. त्याखाली संख्या असेल तर फवारणी म्हणजे पैशांचा अपव्यय आणि विषाला विनाकारण आमंत्रण.

जैन वाचकाला येथे थांबून विचार करावासा वाटेल. सापळ्यातही जीव मरतोच. शेती, उद्योग व गृहस्थी यांत होणारी हिंसा श्रावकाला पूर्णतः टाळता येत नाही, म्हणून आपल्या आचार्यांनी संकल्पी हिंसेपासून आरंभी आणि उद्योगी हिंसा वेगळी मानली. परंतु 'अनर्थदंड' म्हणजे निष्प्रयोजन हिंसा. तिला त्यांनी कोणतीही सवलत दिली नाही. न मोजता, शेजाऱ्याने मारले म्हणून मारलेली फवारणी अनर्थदंडाहून वेगळी कशी म्हणावी? पंधरा कर्मादानांत 'विषवाणिज्य' आहे, हेही आपण जाणतो. आज अनेक कुटुंबे कृषी सेवा केंद्रे चालवतात आणि कायदेशीर मालच विकतात. त्यांच्यापुढे निदान एवढा मार्ग खुला आहे की ग्राहकाला 'आज फवारणीची गरज नाही' असे सांगण्याचे धैर्य दाखवावे. त्या दिवशी एक डबा कमी विकला जाईल, पण पुढच्या हंगामात तोच शेतकरी चार जणांना घेऊन येईल.

सत्याणुव्रताची कसोटी

कंपनीसाठी लिहिणाऱ्याला कोणती आचारसंहिता हवी? नवी रचण्याची गरजच नाही. सत्याणुव्रताचे जे अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो, त्यांत 'मृषोपदेश' म्हणजे खोटा सल्ला आणि 'कूटलेख' म्हणजे खोटा लेख, हे दोन स्वतंत्रपणे सांगितले आहेत. हुंडी आणि खतपत्रांच्या काळात सांगितलेले हे दोष मोबाइलच्या पडद्यालाही तितकेच लागू आहेत. ॲपची स्तुती करणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी रचून छापणे हा कूटलेख. कंपनीकडे साठा पडून आहे म्हणून गरज नसलेले औषध सुचवणे हा मृषोपदेश. शेतकऱ्याने विश्वासाने सांगितलेले कर्ज, नापिकी किंवा घरची अडचण त्याला न विचारता जगासमोर मांडणे हा रहस्यभेद होय.

देशाचा कायदाही आता याच दिशेला आला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला तसेच तिचा पुरस्कार करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये नियम केला की पैसे घेऊन केलेली शिफारस तशी स्पष्ट नमूद करावी. साधूंच्या पाच समितींतील भाषासमिती हित, मित आणि निःसंदिग्ध बोलण्यास सांगते. लेखन करणाऱ्या गृहस्थाने त्यातला अल्पांश जरी उचलला, तरी त्याला वकिलाची गरज सहसा भासणार नाही.

पालकांना आणि तरुणांना

घरातील मुलगी किंवा मुलगा असे काम स्वीकारत असेल तर 'ही कसली नोकरी' म्हणून नाक मुरडू नये. मात्र चार गोष्टी जरूर विचाराव्यात. कंपनीचे उत्पन्न कशातून येते, सल्ल्यातून की मालाच्या विक्रीतून? विक्रीतून येत असेल तर सल्ला देणाऱ्यावर विक्रीचे लक्ष्य लादले जाते का? लिहिलेल्या मजकुराची तपासणी एखादा कृषितज्ज्ञ करतो का? आणि गावकऱ्यांची तक्रार मालकांपर्यंत पोहोचवली तर ती ऐकली जाते का? पुष्कळ नव्या कंपन्या काही वर्षांतच बंद पडतात. कंपनी गेली तरी गावात त्या तरुणाचे नाव मागे उरते, आणि त्याला त्याच बाजारात पुढे उभे राहायचे असते.

घरचे कृषी सेवा केंद्र असेल तर मुलाने दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय संस्थेने २००३ पासून कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाची 'देसी' पदविका सुरू केली आहे. तो अभ्यास करून, दुकानाच्या फळ्यावर त्या आठवड्याची पतंगांची संख्या, डब्याच्या रंगांचा अर्थ आणि एका पंपाची मात्रा ठळक अक्षरांत लिहिणारा दुकानदार हाही आउटरीचच करतो. मजुराच्या बोलीत तोच मजकूर ध्वनिमुद्रित करून मोबाइलवर पाठवला तर वाचता न येणाऱ्यापर्यंतही तो पोहोचतो. खर्च जवळजवळ शून्य. श्रम मात्र रोजचे.

आपल्या पूर्वजांनी दुष्काळात धान्याची कोठारे उघडली, पाणपोया घातल्या, पांजरपोळ चालवले. त्या काळी अन्न-पाण्याची टंचाई होती. आज माहितीचा महापूर आहे आणि टंचाई आहे ती विश्वासार्ह माहितीची. आपल्या शास्त्रांत ज्ञानदान आणि अभयदान ही दोन्ही श्रेष्ठ दाने मानली आहेत. पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरणाऱ्या मजुराला योग्य वेळी, त्याच्या भाषेत सांगितलेली एक खरी ओळ ही दोन्ही दाने एकाच वेळी देते.