सर्व्हर एवढा संशयी का?

हिंजवडीहून एका वाचकाने विचारलं आहे : लॅपटॉपवर एक्सपोर्ट केलेला व्हेरिएबल एसएसएचने सर्व्हरवर लॉगिन केल्यावर रिकामा का निघतो? मुळशी तालुक्यातल्या या आयटी पार्कात हा प्रश्न रोज कुणाला तरी पडत असणार.

युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेस आपल्या पोटच्या प्रोसेसला एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे व्हेरिएबल्सची, शिदोरी बांधून देते. पण सर्व्हरवरचा शेल तुमच्या लॅपटॉपच्या शेलचं अपत्य नाहीच. त्याला जन्म देतो तिथला एसएसएचडी, म्हणजे एसएसएचचा सर्व्हर प्रोग्राम. होम, युजर, पाथ हे सगळं तोच बांधून देतो. तुमच्याकडून न सांगता जातो तो फक्त 'टर्म', म्हणजे टर्मिनलचा प्रकार.

एवढी सावधगिरी का हवी, हे एका जुन्या जखमेवरून कळतं. नोव्हेंबर १९९५मध्ये अमेरिकेतल्या 'सर्ट' या संगणक-सुरक्षा संस्थेने टेलनेट या दूरस्थ लॉगिनच्या जुन्या पद्धतीबद्दल इशारा दिला. टेलनेटचा सर्व्हर पलीकडून आलेले व्हेरिएबल्स तसेच लॉगिन प्रोग्रामच्या हाती देत होता, आणि तो प्रोग्राम चालायचा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने. आपली बनावट लायब्ररी आधी त्या यंत्रावर कशीतरी पोचवायची, मग 'एलडी_लायब्ररी_पाथ'मध्ये तिचा पत्ता पाठवायचा. लॉगिन प्रोग्राम तीच लायब्ररी उचलणार आणि पासवर्ड न देता रूट हातात! हल्ला किती साधा होता, हे आजही थक्क करतं.

त्याच वर्षी फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले जात होते म्हणून. त्याचं कौतुक होतं ते एन्क्रिप्शनसाठी. पण एन्क्रिप्शनने हा हल्ला थांबला नसता. घातक व्हेरिएबल एन्क्रिप्ट होऊन तितकाच सुखरूप पोचला असता. त्याला अडवतो तो एसएसएचडीचा 'विचारल्याशिवाय काही घेणार नाही' हा स्वभाव. त्याचं श्रेय फारसं कुणी देत नाही.

२००४मध्ये एसएसएचच्या मुक्त अवताराने, ओपनएसएसएच ३.९ने, मोजका दरवाजा उघडला : लॅपटॉपकडे 'सेंडएन्व्ह', सर्व्हरकडे 'ॲक्सेप्टएन्व्ह'. व्हेरिएबलचं नाव दोन्हीकडे हवं. उबंटूत आधीपासून परवानगी असते ती भाषेच्या 'लँग' आणि 'एलसी_' व्हेरिएबल्सना. मराठी लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, लावलेल्यांना त्याचा फटकाही बसतो : सर्व्हरवर ते लोकेल नसेल तर इशारे येतात आणि देवनागरी फाइलनावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा आकड्यांच्या मालिका दिसतात. तिथे 'लोकेल -ए' चालवून पाहा; मराठी यादीत नसेल तर ॲडमिनकडून बसवून घ्या.

पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म' महासंगणकावरही लॉगिन नोडपर्यंत एसएसएचनेच जावं लागतं. तिथून पुढे मात्र स्लर्म हा व्यवस्थापक, वेगळं सांगितलं नाही तर, तुमचं सगळं एन्व्हायर्नमेंट कंप्युट नोडवर नेतो. ओळख उंबरठ्यावर पटलेली असते. राहिला मूळ प्रश्नावरचा उपाय : वाचकाने आपला व्हेरिएबल सर्व्हरवरच्या स्वतःच्या प्रोफाइल फाइलमध्ये लिहिला, तर 'ॲक्सेप्टएन्व्ह'साठी ॲडमिनची गरजही उरणार नाही.