नदीत नव्याने सोडलेला मासा व बनावट किडा

पावसाळा सरून दुधनेचे पाणी निवळले म्हणजे आम्ही वरच्या वर्गातील मुलांस घेऊन एखाद्या उथळ धारेवर जातो. घोटाभर पाण्यातील धोंडा उचलून उलटा केला, की त्याच्या ओल्या अंगावर गव्हाच्या दाण्याएवढे किडे लगबगीने सावलीकडे पळताना दिसतात. शेपटाशी केसासारखे दोन-तीन तंतू आणि पोटाच्या दोन्ही बाजूंस सारखे हलणारे कल्ले. ही मेफ्लाय नामक कीटकाची पिल्ले होत. पंख फुटल्यावर हा कीटक एक-दोन दिवसच काय तो जगतो व तेवढ्यात काही खातही नाही. त्याचे खरे आयुष्य पाण्याखालीच जाते. या बाल्यावस्थेस इंग्रजीत 'निम्फ', म्हणजे जलदेवता, म्हणतात. धोंड्याखालच्या किड्यास अप्सरेचे नाव देणाऱ्याच्या रसिकतेचे आम्हास नेहमीच नवल वाटते.

माशाचे मात्र यावर पोट चालते, आणि त्यावरूनच गळ टाकण्याची एक विद्या निघाली आहे. ती मुख्यत्वे ट्राउट माशासाठी. हा मासा मूळचा आपल्या देशातील नव्हे. १९०० साली त्याची अंडी स्कॉटलंडहून काश्मीरात आणली गेली. पुढे कुलूच्या खोऱ्यात व निलगिरीवरही तो रुजला. पाणी २० अंशांपलीकडे तापले की त्यास ते फारसे सोसत नाही. जालन्यास वैशाखात ४० अंशांचे ऊन पडते. तेव्हा येथे त्याची आशा कोणी करू नये.

अशा थंड प्रदेशांत त्याची पिल्ले हौदांत वाढवून नदीत सोडतात. हौदातील मासा माणसाच्या हातचे खाऊन मोठा झालेला असतो. वर सावली पडली की खाणे पडणार, एवढेच त्यास ठाऊक. नदीत आल्यावर पहिले काही दिवस तो सोडलेल्या जागीच घोळक्याने घुटमळतो आणि समोर येईल ते तोंडात घेऊन पाहतो. त्या दिवसांत त्यास पकडणे म्हणजे अंगणातील कोंबडी धरणे होय. त्यास कसब म्हणणे आमच्याच्याने होत नाही. पुढे भूक त्यास शिकविते. प्रवाहाबरोबर वाहत येणारे किडे हेच येथील अन्न, हे उमगले की तो धोंड्याच्या आडोशास, संथ व वेगवान पाण्याच्या सीमेवर, प्रवाहाकडे तोंड करून ठाण मांडतो. गळवाल्याची खरी परीक्षा येथून सुरू होते.

इंग्लंडात एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांचा बनावट किडा प्रसिद्ध आहे. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू बारीक तांब्याच्या तारेने गळावर गुंडाळले, की झाला किडा. तारेच्या वजनाने तो बुडतो. तो माशाच्या वरच्या अंगास टाकावा व प्रवाहाच्याच गतीने खाली येऊ द्यावा. दोरी ताणली तर किडा पाण्याहून निराळ्या गतीने ओढला जातो, आणि शहाणा झालेला मासा तेवढ्यावरून कपट ओळखतो. तो घास घेतो तो पाण्याखाली, आपणांस दिसत नाही. तेव्हा नजर दोरीच्या टोकावर असावी. ते क्षणभर थबकले की काठी हलकेच उचलावयाची. धोंड्यास अडकले असेल असे म्हणून जो थांबला, त्याचा मासा गेलाच! मासा परत सोडावयाचा असेल तर गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाकावा व हात ओले करूनच त्यास धरावे. कोरड्या हाताने अंगावरील बुळबुळीत आवरण निघते व तेथून रोग शिरतो.

गळाची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. मासे वाढवून सोडण्याचा उद्योगही महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर झाला. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली ज्याचे शास्त्रीय वर्णन केले त्या दख्खनी महाशीराची पैदास लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा विद्युत कंपन्यांनी केली, व ती पिल्ले दूरदूरच्या प्रांतांत गेली. कावेरीत तर ती इतकी माजली, की तेथला मूळचा कुबडा महाशीर मागे हटला; २०१८ साली त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. त्याच्या ऱ्हासाचे एक कारण हे पाहुणेच, असे संशोधक म्हणतात. सोडलेला मासा शिकला नाही तर तो मरतो, आणि फारच चांगला शिकला तर असेही होते.

आमच्या जिल्ह्यातील तलावांत रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली सोडतात. पोटापुरते वाढावयास त्यांस निदान वर्ष तरी लागते, आणि त्यावर भोई मंडळींचा उन्हाळा अवलंबून असतो. एका तलावात ती सोडल्यावर आठवड्याच्या आतच काही मुलांनी जुन्या मच्छरदाणीने टोपलीभर उपसून नेली. त्यांत आमचाही एक विद्यार्थी होता. आम्ही रागे भरलो तेव्हा तो खाली पाहून म्हणाला, "गुरुजी, हाकलले तरी ते जात नव्हते. आपण होऊन पायाशी येत होते."